हाडाने आपला मानलेला स्क्रू

मित्रांनो, मी टायटॅनियमचा एक बुटका स्क्रू आहे, तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. दातांचे डॉक्टर मला इम्प्लांट म्हणतात. माझा जन्म महापेच्या कारखान्यातला. तिथे आधी मला खरखरीत केलं, मग हाडात जो क्षार असतो त्याचीच पूड धगधगत्या झोतातून माझ्या अंगावर फवारली. लेप कसला, केसाहूनही पातळ! एवढीशी पूड काय दिवे लावणार, असं मला वाटलं होतं.

खांदेश्वरच्या डॉक्टर सुनयनांनी मला शकुबाईंच्या जबड्यात बसवलं. शकुबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. वाशीच्या बाजारात कांदे निवडण्यात त्यांचा जन्म गेला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की हाड फार झिजलंय, हा स्क्रू धरला नाही तर दुसऱ्याला जागाच उरणार नाही. आणि मिश्री एकदम बंद. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड शकुबाई चाळीस वर्षं हिरड्यांना घासत आल्या होत्या.

आठव्या दिवशी टाके खाजू लागले. मिश्रीने हिरडी घट्ट होते, ही शकुबाईंची पक्की समजूत. सून वैशाली दळण आणायला गेली आणि यांनी डबी उघडली. थेट माझ्या डोक्यावरच घासली की हो! माझं तर धाबंच दणाणलं. तंबाखूने रक्त नीट पोचत नाही, आणि रक्ताशिवाय नवं हाड येणार कुठून?

रात्रभर त्यांच्या जिवाला चैन पडली नाही. सकाळी त्या आपणहून दवाखान्यात गेल्या आणि ती डबी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी जखम धुतली आणि त्या म्हणाल्या, की आता हाड काय ठरवतं ते बघायचं.

पुढे जे घडलं, ते आठवलं की मी आजही थक्क होतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी माझ्यापाशी आल्या. त्यांनी तो लेप चाचपला, त्यांना तो घरचाच वाटला, आणि माझ्या आट्याआट्यांत त्या नवं हाड भरत गेल्या. एका धातूला जिवंत हाड बिलगत होतं, मित्रांनो! कुणी शिकवलं असेल त्यांना हे?

चार महिन्यांनी डॉक्टरांनी मला पान्याने पिळून पाहिलं. फिरलो असतो तर सगळं संपलंच होतं. शकुबाईंनी वैशालीचा हात घट्ट धरला होता. मी तसूभरही हललो नाही.

"मावशी, हा आता तुमचा झाला," डॉक्टर म्हणाल्या.

माझ्यावर दाढ चढली. मित्रांनो, आतलं काम हाडाने केलं, पण बाहेरची राखण माणसालाच करावी लागते. दात नीट घासा, आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर हट्ट धरून सोडायला लावा.

परवा तपासणीला शकुबाईंनी विचारलं, की माणूस गेल्यावर याचं काय होतं. हा चितेतही जळत नाही, राखेत सापडतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. शकुबाई वैशालीकडे वळल्या.

"अस्थी येचताना ह्याला बाजूला टाकू नगंस," त्या म्हणाल्या. "माज्या हाडातलाच हाय त्यो."