सामान एकाच पेटीत

सक्करदऱ्याच्या दत्तमंदिरात कीर्तन संपलं की सगळं सामान एकाच पेटीत जायचं. झांजा, चिपळ्या, उपरणं, बुक्क्याची डबी. वस्तू जवळजवळ ठेवल्या की हरवत नाहीत, असं व्यवस्थापक अनंतरावांचं मत होतं, आणि दत्तकृपेनं ते आजवर कुणी खोडलेलं नव्हतं.

मागल्या रविवारी त्यांनी मंदिराचा कॉम्प्युटरही आवरला. कीर्तन इंटरनेटवरून उमरेडला पोचवायचा प्रोग्राम शेजारच्या अदितीनं बसवून दिला होता, चाचणीही झाली होती. त्याला लागणाऱ्या तीन लायब्ररी-फाइली मात्र भलत्याच फोल्डरमध्ये पडल्या होत्या. अनंतरावांनी अदितीनं लिहून दिलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड घातला, तिन्ही उचलल्या आणि प्रोग्रामच्या अगदी शेजारी नेऊन ठेवल्या. हात झटकले.

आज गुरुवार. पाचचं कीर्तन, पावणेपाच झालेले. प्रोग्राम सुरू होईना. लायब्ररीची फाइल सापडत नाही, म्हणे.

सैलसर फेटा बांधून बसलेले गोपाळरावबुवा शांतपणे म्हणाले, "ताई बघत-ऐकत असेल तरच मी नमनाला उभा राहीन." त्यांची थोरली बहीण पुष्पलताबाई वर्षभर उमरेडला अंथरुणाला खिळलेल्या. त्याआधी चाळीस वर्षांत बुवांचं एक कीर्तन त्यांनी चुकवलं नव्हतं.

अनंतरावांनी अदितीला फोन लावला. ती सदरला ऑफिसात होती.

"अगं, फाइल त्याच्या मांडीला मांडी लावून बसली आहे! आणि हा म्हणतो, सापडत नाही!"

"काका, तुम्ही हलवली का?"

"आवरली."



"काका, तो शेजारी बघतच नाही. त्याच्या स्वतःत एखादी जागा लिहिली असेल तर तिथे बघतो. नाहीतर सुरू करताना आपण सांगू तिथे. मग सिस्टीमच्या नोंदवहीत बघतो, शेवटी एक-दोन ठरलेल्या फोल्डरांत. संपलं. नोंदवहीत अजून जुनीच जागा आहे. आणि त्या फाइली त्याच्या एकट्याच्या नव्हत्या, बाकीच्या प्रोग्रामांनाही लागतात. म्हणून तिथे ठेवल्या होत्या."

अनंतराव खाली बसले. तीस वर्षं त्यांनी रेकॉर्ड रूम सांभाळली होती. नोंदीत कपाट सात असेल आणि फाइल टेबलावर पडली असेल, तर ते 'आढळत नाही' असा शेरा मारायचे आणि चहाला जायचे. या प्रोग्रामबद्दल त्यांना एकदम आदर वाटला.

"जुन्या जागी परत ठेवा," अदिती म्हणाली. "जशीच्या तशी."

त्यांनी नाव आलेली तेवढी एक फाइल ठेवली. प्रोग्राम सुरू केला. त्यानं आता दुसऱ्या फाइलचं नाव घेतलं.

माइकवाला कवडू मागून वाकून बघत होता. "काहून गा, तिन्ही नावं एकदम नाही सांगता येत याले? हा तं तहसीलीवानी एकेक कागद मागून राहिला!"

"तू माइक बघ."

"माइक चालूच हाय, भाऊ. तुमचं सारं बोलणं मंडपात जाऊन राहिलं."

मंडपातल्या बायका मान डोलावत होत्या. पूर्वरंग चालू झाला असं एकीला वाटलं होतं, आणि दृष्टान्त तिला पटलाही होता.

अनंतरावांनी दुसरी फाइल ठेवली. मग न विचारता तिसरी. पाच वाजून सात मिनिटांनी पडद्यावर हिरवा ठिपका आला.

उमरेडहून ताबडतोब फोन. अनंतरावांनी तो बुवांच्या कानाला लावला. बुवांनी ऐकलं, "हो ताई" म्हणाले, पुन्हा "हो ताई" म्हणाले. मग सगळ्या मंडपादेखत फेटा सोडून नव्यानं, घट्ट बांधला, डोळे पुसले आणि नमनाला उभे राहिले.