बुधवारात बसलेला मंगळवार

केंद्रात नवीन सॉफ्टवेअर बसलं, त्या आठवड्यापासून न नोंदवलेली गोष्ट घडलेली राहिनाशी झाली. दुपारी भरवलेला भात टॅबवर चढवायचा राहिला, की संध्याकाळी गाडी सुटायच्या आधी तो ताटात परत येई, वाफेसकट. घातलेली वेणी आपोआप सुटे. कापलेली नखं पुन्हा बोटांवर दिसत. पहिल्यांदा असा भात परतला तेव्हा स्वयंपाकाच्या हौसामावशी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माहेरी जाऊन आला वाटतं."

केंद्र म्हणजे दिवसाचं घर होतं. ज्यांना एकट्याने उठबस, जेवण, बोलणं जमत नाही अशा मोठ्या माणसांना घरचे सकाळी इथे आणून सोडत, आणि संध्याकाळी केंद्राची गाडी त्यांना दारोदार पोचवी. रेश्मा खाडे तिथली ताई. भरवणं, पुसणं, व्यायाम घेणं, रुसलेल्याची समजूत काढणं ही तिची कामं; त्यात आता टॅबची भर पडली होती. तिची स्वतःची पोर, चिऊ, अडीच वर्षांची, दिवसभर सासूबाईंजवळ असे. घरीही भरवणंच होतं, पण तिथे टॅब नव्हता. त्यामुळे चिऊने खाल्लेलं पोटातच राही.

टॅबमध्ये खाण्याची यादी होती. यादीत डाळ होती, आमटी नव्हती. म्हणून चिंचगुळाची आमटी नोंदवता नोंदवता वाटीत पिवळी, फिकी होत जाई आणि 'जतन करा' म्हटलं की तिची डाळच झालेली असे. हौसामावशींनी फोडणी घालणं सोडून दिलं. "त्या पाटीलाच इचारा काय शिजवू ते," त्या म्हणत. टॅबला त्या पाटी म्हणत.

नोंद पक्की झाली की त्या दिवसाची एक खोली तयार होई. मुख्य दालनापासून स्वयंपाकघरापर्यंत पूर्वी चार ढांगांचा व्हरांडा होता. आता तो रोज एका दाराने लांबत होता. प्रत्येक दाराला चौकोनी काच होती आणि काचेतून आत तो दिवस दिसे: सोमवारची बटाट्याची भाजी, सोमवारचं ऊन, सोमवारी सांडलेलं पाणी. पातेलं उचलून आणताना मावशींना धाप लागे. केंद्रप्रमुख बिडकर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "व्हरांडा वाढतोय ना, कमी तर होत नाही. असू दे."

दारं मात्र ताईंना उघडत नसत. ज्यांची टॅबमध्ये फाइल होती, त्या लाभार्थ्यांनाच ती उघडत. नंदूकाका, पन्नाशीचे, आखूड बोटांचे, गळ्यात कार्ड, जेवण झालं की आपल्या वाढदिवसाच्या खोलीत जाऊन यायचे. परत येत तेव्हा हनुवटीला शिऱ्यातला बेदाणा चिकटलेला असे.

"मला पण दाखवा की आत काय आहे ते," रेश्मा म्हणायची. तिला खरंच बघायचं असे. काचेला नाक लावून ती उभी राही, चिऊ दुकानाच्या काचेला लावते तसं.

"तुला कार्ड कुठंय?" नंदूकाका म्हणायचे. "आत आपली माणसं."

त्या बुधवारी, गार्गी जेवताना, दालनात दुसरं कोणी नव्हतं. बाकीचे व्यायामाला गेले होते. गार्गी मगदूम एकोणीस वर्षांची. हात तिचं ऐकत नसत, मान डावीकडे कलत असे, आणि तिने जन्मापासून एक शब्द उच्चारला नव्हता. रेश्माने निम्मी वाटी भरवली होती. पुढचा चमचा तोंडाशी नेला तर गार्गीने ओठ गच्च मिटले. मग ते जरासे उघडले आणि ती म्हणाली, "पुरे."

आवाज जाडसर होता, थोडा खालच्या पट्टीतला, खूप दिवस न उघडलेल्या ट्रंकेसारखा.

रेश्माने चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं आपण हिला वाटीचा तळ दिसेपर्यंत भरवत आलो आणि पोरीला भूक छान आहे असं सगळ्यांना सांगत आलो, हे तिच्या लक्षात आलं. घरी चिऊ दिवसातून कितीदा 'पुले' म्हणते. कोणाचं लक्षही जात नाही.

तिने गार्गीच्या आईला, सुनंदाताईंना, फोन केला. त्या ब्लाऊज शिवायच्या. पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"काय म्हणाली?"

"पुरे म्हणाली."

"कशाला?"

"भाताला."

मग सुनंदाताई म्हणाल्या, "मी तिला रोज दोन वाट्या चारते हो," आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज भिजत गेला.

संध्याकाळी चिऊला ताप आल्याचा निरोप आला. बाहेर गाडी हॉर्न देत होती. टॅबवर 'मागील नोंद आणा' असं एक बटण होतं. कालची नोंद जशीच्या तशी आजच्या तारखेवर येई. सगळ्याच ताया ते दाबत. 'कालचं ओढ' म्हणत त्याला. नाहीतरी रोज तेच असतं, तेच दात, तोच भात. रेश्माने गार्गीच्या नावापुढे कालचं ओढलं आणि जतन केलं.

निम्मी राहिलेली वाटी टेबलावर रिकामी झाली.

गाडीतून गार्गीला घरी पोचवताना रेश्मा म्हणाली, "आता घरी पण म्हणते का बघा हां, सुनंदाताई."

"काय म्हणते?"

"दुपारी फोनवर सांगितलं ते."

सुनंदाताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाल होते. "दुपारी कुठे फोन झाला आपला?" त्या म्हणाल्या. "कांदा चिरत होते मी. का, काही झालं का हिला?"

टॅबमध्ये गार्गीच्या नावाखाली 'पालक' म्हणून सुनंदाताई होत्या. रेश्मा कुठेच नव्हती. ती फक्त नोंदवणारी होती. म्हणून तिला सगळं आठवत होतं, एकटीला.

दुसऱ्या दिवशी गार्गी मंगळवारचा पिवळा टॉप घालून आली, त्यावर मंगळवारचा हळदीचा डाग. तिसऱ्या दिवशीही तोच. रेश्मा आता कालचं ओढत नव्हती, सगळं एकेक अक्षर लिहीत होती, पण गार्गीच्या मागे मंगळवारच होता, त्यामुळे पुढेही तोच येत राहिला. सगळ्यांवर शुक्रवारचं ढगाळ ऊन पडे, आणि गार्गीच्या खुर्चीएवढ्या जागेत मंगळवारचं लख्ख. चमचा पुढे आला की ती तोंड उघडे. वाटी संपे. शेवटच्या घासांना तिच्या कपाळावर बारीक आठी पडे आणि ती रेश्माकडे बघत राही.

"अगं, धुवायला काढते मी तो टॉप," सुनंदाताई म्हणाल्या. "सकाळी बघते तर अंगात हाच. बाकी काही नाही माझं, पण परवापासून मशीनवर बसले की मध्येच हात थांबतो. वाटतं, कोणीतरी फोनवर आहे."

रेश्मा व्हरांड्यात जाऊन बुधवारच्या काचेतून बघू लागली. आत बुधवार नव्हता.

नंदूकाका तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "बुधवारात मंगळवार बसलाय," ते म्हणाले.

"तुम्ही आत जाऊन उठवा ना त्याला."

"मी व्यायामाला होतो. माझं ऐकत नाही तो." मग थोडा विचार करून म्हणाले, "माजलाय."

शेवटी रेश्माने सगळं सांगितल्यावर बिडकर मॅडमनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक तरुण, गोड आवाज होता.

"बुधवारची नोंद बदलायची आहे," मॅडम म्हणाल्या.

"बुधवार पक्का झालाय, मॅडम."

"त्यात मंगळवार बसलाय."

थोडी टकटक ऐकू आली. "हो, दिसतोय. पाय पसरून बसलाय."

"मग उठवायचा कसा?"

"त्या वेळी त्या जागी असलेला कोणीतरी लाभार्थी आत पाठवा. तो दिवस पुन्हा घडेल. घडताना तुम्ही बाहेरून नोंद करा."

"गार्गी आहे की."

"त्या मंगळवारच्या आहेत, मॅडम. दुसरं कोणी?"

"मी होते," रेश्मा म्हणाली.

"लाभार्थी क्रमांक सांगा."

"मी ताई आहे इथली. मला क्रमांक नाही."

"मग तुम्ही नव्हता," आवाज म्हणाला. "आणखी काही मदत हवी आहे का?"

फोन ठेवल्यावर दोघी टॅबकडे बघत बसल्या. कोपऱ्यात 'नवीन लाभार्थी' असं लिहिलेलं होतं.

"नको ते डोक्यात आणू," मॅडम म्हणाल्या. "फाइल उघडायची मला मुभा आहे, बंद करायची नाही. उद्यापासून तुझं खाणंपिणं मला चढवावं लागेल. आणि मी विसरले तर?"

"तर उपास घडेल."

"थट्टा नाही, रेश्मा."

"मॅडम, चिऊला कडेवर घेते मी घरी गेल्यावर. ते कुठे चढवाल?"

मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, मग खालून वर. "तसा रकाना नाही गं," त्या हळू म्हणाल्या.

दालनात गार्गीला दुसरी ताई भरवत होती आणि वाटीचा तळ खरवडल्याचा आवाज येत होता.

"टाका नाव," रेश्मा म्हणाली.

नाव, वय, पत्ता झाला. 'पालक' पुढे सासूबाईंचा नंबर. मग 'बोलणं' आलं. त्यात दोनच पर्याय होते: 'बोलत नाही' आणि 'एक-दोन शब्द बोलते'. सगळं बोलणाऱ्याला फाइल कशाला लागेल.

"दुसरं करा," रेश्मा म्हणाली. "एक-दोन पुष्कळ झाले."

मॅडमनी जतन केलं. छपाईयंत्रातून कार्ड आलं, गरम. रेश्माने ते गळ्यात घातलं आणि "झालं का?" असं विचारायला गेली, पण तोंडातून काही आलं नाही. दोन शब्द होते, ते आत कुठेतरी जपून ठेवल्यासारखे होते, पोटाजवळ.

सुनंदाताईंना बोलावून घेतलं. त्या खांद्यावर मापाची टेप तशीच घेऊन आल्या. नेमकं काय ऐकायचंय ते त्यांना कळत नव्हतं, पण बुधवारच्या दाराशी त्या मॅडमच्या शेजारी उभ्या राहिल्या, देवळात गर्दीत उभं राहावं तशा, टाचा उंचावून.

रेश्माने गार्गीची खुर्ची ढकलत दाराशी नेली. दार उघडलं. इतके दिवस बाहेरून बघितलेल्या त्या खोलीत पाऊल टाकताना तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं: आतून काचेबाहेर व्हरांडा दिसत नव्हता, फक्त ओलसर पांढरा उजेड होता. मंगळवार उठला. खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला, लख्ख ऊन भिंतीवरून चालत गेलं, आणि गार्गीच्या अंगावरचा पिवळा टॉप काठापासून निळा होत वर चढला. टेबलावर वाटी होती. बुधवारचा भात वाफाळत होता.

रेश्मा भरवू लागली. वाटी निम्मी झाली. वाफेने काच आतून धूसर झाली. बाहेरच्या दोघींना आता दोन सावल्या दिसत होत्या, एक खुर्चीतली आणि एक वाकलेली. मॅडम मान खाली घालून एका बोटाने अक्षरं शोधत होत्या.

रेश्माने पुढचा चमचा भरला, तोंडाशी नेला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, घरी चिऊला म्हणते तसंच, म्हणून गेली, "आऽ कर."

दोन शब्द संपले.

मग काचेमागून तो आवाज आला, जाडसर, खालच्या पट्टीतला.

"पुरे."

मॅडमचं बोट थांबलं. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं. "सुनंदाताई, कोण बोललं?"

सुनंदाताईंनी कान काचेला लावला होता. आपल्या मुलीचा शब्द कसा ऐकू येतो ते त्यांना माहीत नव्हतं. "पुन्हा म्हणा म्हणावं," त्या म्हणाल्या. "एकदाच."

टॅबवर दोन नावं उघडली होती. गार्गी मगदूम, बोलत नाही. रेश्मा खाडे, एक-दोन शब्द बोलते. ज्या नावावर चढेल, तिचाच तो शब्द होणार होता. मॅडमचं बोट दोन्हींच्या मधे होतं, आणि खालचं नाव जरा जास्तच उजळून दिसत होतं. गाडीने हॉर्न दिला. सुनंदाताई पदराने काच पुसत राहिल्या, पण वाफ आतून होती. पुसता पुसता एक फट तेवढी मोकळी झाली. तिच्यातून दोन चेहरे दिसले, एकमेकांना लागून, दोघींचे ओठ गच्च मिटलेले, दोघी त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि मधे कोणीही न धरलेला चमचा, भाताने भरलेला, तसाच होता.