चुलीपाशी बसलेले बाबा

उत्कर्षने मोठ्या हौसेने जर्मनीतल्या घरात कामिनओफन, म्हणजे काचेआडची शेकोटी, बसवून घेतला आणि त्याच्या आईने पहिल्याच दिवशी त्याचं नाव चूल ठेवलं. "एवढं लोखंड, एवढी काच, पण जाळायची लाकडंच ना? मग चूलच की," शुभदाताई म्हणाल्या. नेकारसुल्मच्या कारखान्यात दिवसभर विजेच्या गाड्यांशी झटापट करणाऱ्या माणसाला घरी येऊन विस्तव पेटवावासा वाटावा, ही गंमतच. पण हौसेला मोल नसतं. आणि खरं सांगायचं तर चूल होतीच देखणी. बाहेर द्राक्षमळ्यांवर धुकं बसलं, की सगळं घर तिच्याभोवती गोळा व्हायचं.

धुरांडी तपासणारा सरकारमान्य श्योर्नश्टाइनफेगर येऊन सगळं बघून गेला होता. ओट्यावरचा एक्झॉस्टही त्याने पाहिला. तो तेव्हा फोडणीचा धूर गाळून हवा घरातच परत सोडायचा, म्हणून त्याने मान डोलावली आणि सही केली. घोटाळा पुढे झाला, आणि तो फोडणीपायी झाला. हाइलब्रोनच्या ऑफिसात उत्कर्षच्या बायकोच्या, मीनलच्या, शेजारच्या खुंटीवर कोट टांगणाऱ्या बाईने एक दिवस आपला कोट हुंगला आणि अगदी प्रेमाने विचारलं, "आज घरी काय शिजलं होतं?" मीनल शरमेने अर्धमेली झाली. त्या शनिवारी उत्कर्षने भिंतीला भोक पाडलं, एक्झॉस्टची नळी त्यातून बाहेर काढली आणि हिंग-मोहरी थेट शेजाऱ्यांच्या अंगणात सोडून दिली.

"परत पाहणी करून घ्यायला हवी का रे?" मीनलने विचारलं.

"आल्झो, अगं झालीये ना एकदा! आता कोण बघतंय?"

शिकलेला माणूस वेडेपणा करतो तो असा, हातात ड्रिल घेऊन आणि माप बिनचूक घेऊन. पण मीनलने तरी कुठे हट्ट धरला? तिला कोट वाचल्याचाच आनंद होता.

आई नोव्हेंबरात पुण्याहून आल्या होत्या. उत्कर्षचे बाबा, दीनानाथराव, गेल्यापासून त्या एकट्याच राहत. बाबा गेले ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हॉस्पिटलच्या बंद दाराआड. आत जाताना चालत गेले आणि बाहेर आले ते गुंडाळलेले. आईंना त्यांचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. उत्कर्ष तर इथेच अडकला होता. विमानंच बंद होती. या गोष्टीवर घरात कुणी बोलत नसे. आई एकदाच म्हणाल्या होत्या, "ज्यांना नेलं ते हेच होते, असं लोक म्हणतात. मी म्हणते असतील." तेव्हापासून मीनलला त्यांच्या डोळ्यांत बघायला जड जायचं.

एका संध्याकाळी मीनल घरी आली तर चुलीपुढच्या स्टुलावर चहाचे दोन कप. एक रिकामा, एक भरलेला, साय धरलेला.

"कोणी आलं होतं का आई?"

"हे आले होते," आई म्हणाल्या, आणि फोडणीला कढीपत्ता टाकायला वळल्या. एक्झॉस्ट घरघरत होता, म्हणून मीनलला वाटलं आपण नीट ऐकलं नसेल. पण मग ते रोजचं झालं. आई वरणाला फोडणी द्यायच्या, भाकऱ्या भाजायच्या, एक्झॉस्ट चालू ठेवूनच चुलीपाशी येऊन बसायच्या आणि निखारे मंदावले की समोरच्या खुर्चीशी गप्पा सुरू. हे माकडटोपी घालून आलेत. ह्यांना इथलं दूध आवडत नाही. हे विचारतात, पोरगी मराठी का बोलत नाही.

ती पोरगी, म्हणजे मीनलची लेक अन्वी, तिच्या कानाशी लागून कुजबुजली, "ममा, आजी श्प्रिश्ट मिट डेम ओफन." आजी चुलीशी बोलते. मीनलच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने उत्कर्षला सांगितलं, तर तो म्हणाला की वय झालंय, डॉक्टरला दाखवू. पण घरात काहीतरी बदललं होतं, हे मीनलला कळत होतं. संध्याकाळ झाली की डोकं ठणकायचं, पाय जड व्हायचे, आणि खुर्चीच्या मागून जाताना उगीच अंग चोरलं जायचं. कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरावं, तसं. तिला भीती वाटायची आणि भीतीची लाजही वाटायची.

मग एक दिवस अन्वी गालिच्यावर झोपली ती उठेचना. उठवून बसवली तर ओकली. हॉस्पिटलात डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात ओफन आहे का?"

उत्कर्षचा चेहरा पांढराफटक पडला. आपण पाडलेलं भोक त्याला तिथेच, त्या पांढऱ्या भिंतीवर दिसलं असावं. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर ओढत होता, नव्या खिडक्या घट्ट, त्यामुळे आत हवा यायची ती धुरांड्यातून, उलटी. निखाऱ्यांचा तो विषारी वायू, ज्याला रंग नाही की वास नाही. अन्वी वाचली. उशीर झाला असता तर चौघांना एकाच वेळी उचलावं लागलं असतं.

श्योर्नश्टाइनफेगर पुन्हा आला आणि त्याने उत्कर्षला शाळकरी पोरासारखं झापलं. चूल पेटवा, म्हणाला, पण सोबत एक्झॉस्ट चालवायचा नाही. खिडकी उघडल्याशिवाय तो चालूच होणार नाही अशी सोय करून घ्या. इलेक्ट्रिशियनने जानेवारीतली तारीख दिली. तोवर बटणावर चिकटपट्टी, आणि वायू सुटला की कोकलणारी एक पांढरी डबी कपाटावर. उत्कर्षने जेवताना आईंना सगळं समजावून सांगितलं. डोकं का दुखायचं, अन्वीला काय झालं, माणसाला नाही नाही ते का दिसतं.

आई शांतपणे ऐकत होत्या. "म्हणजे हे दिसायचे ते त्या वायूमुळे?"

"हो आई."

"आणि आता नाही दिसणार."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आता काळजीच नको," उत्कर्ष म्हणाला. पोराला वाटलं आपण आईची भीती घालवली. मीनलने मात्र आईंचा हात पाहिला, ताटात घास तसाच राहिलेला.

त्यानंतर आई चुलीपाशी बसायच्या, रिकाम्या खुर्चीकडे बघायच्या आणि चहा एकच कप करायच्या. भुतापेक्षा ते बघणं मीनलला जास्त अवघड गेलं.

नाताळाच्या आधी एक दिवस ऑफिस दुपारीच सुटलं. अन्वी शाळेत होती. मीनल बागेच्या बाजूने घरात शिरायला गेली, तर बाहेरच्या टेबलावर, बर्फात, ती पांढरी डबी. खाली रुमाल अंथरून नीट ठेवलेली, थंडी वाजू नये तशी. आतून एक्झॉस्टची घरघर येत होती आणि फोडणीचा वास मात्र नव्हता.

तिने दार ढकललं. आई चुलीपुढे बसल्या होत्या. ठेवणीतली मोरपिशी साडी, केसांत क्लिप, मान एका बाजूला कललेली. गाल लाल झाले होते आणि ओठ हलत होते. किती सुखी दिसत होत्या! लग्नाच्या फोटोतही त्या इतक्या सुखी दिसत नव्हत्या.

मीनल किंचाळलीसुद्धा नाही. एक्झॉस्ट बंद केला आणि खिडकीकडे धावली. खिडकी खुर्चीच्या मागे. "बाबा, सरका जरा," ती म्हणाली, आणि बाबांनी गुडघे जवळ घेऊन तिला वाट दिली. तिने खिडकी सताड उघडली, आईंच्या काखेत हात घालून त्यांना ओढत बाहेर आणलं, स्वतःचा कोट त्यांच्यावर टाकला आणि अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. फोन ठेवल्यावर मग तिने हिशेब केला. घरात शिरल्यापासून तिने जेमतेम दोन श्वास घेतले असतील. दोन श्वासांत वायू चढतो का कुणाला?

थंड हवेने आईंना हळूहळू शुद्ध आली. त्यांनी आधी बर्फ पाहिला, मग सुनेला.

"का आणलंस गं? आज तोंड नीट दिसत होतं. पहिल्यांदाच."

मीनलला रडू फुटलं. "आई, तुम्ही मेला असतात!"

"मला मरायचं नव्हतं. बघायचं होतं." मग त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "तू आत्ता ‘सरका’ कुणाला म्हणालीस?"

मीनलने त्यांच्या अंगावरचा कोट सारखा केला.

"तुला दिसले. खरं सांग, पोरी. दिसले ना हे?"

एक शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं तर म्हातारीचा जन्म सार्थकी लागला असता. पण उद्या, परवा, कधीतरी ती डबी पुन्हा बाहेर गेली असती, ऑफिसातून यायला उशीर झाला असता, आणि आत अन्वीही असती. मीनलने डोळे पुसले.

"नाही आई. मी घाबरले होते, काहीही बडबडले. तिथे कोणी नव्हतं."

आई तिच्याकडे बघत राहिल्या. सासूला सुनेचं खोटं कळत नाही असं कधी झालंय का? लांबून अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज येऊ लागला होता. आईंनी मीनलचा हात घट्ट धरला आणि उघड्या खिडकीकडे तोंड केलं.

"ऐकलंत ना अहो? पोरीवर खोटं बोलायची वेळ आली. निघा आता तुम्ही."

मीनलने खिडकीकडे पाठ केली आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत वळून पाहिलं नाही.