सणाच्या दिवशी सोडलेला टायर

मी बोलतोय, ज्युलियसच्या होडीच्या पुढच्या टोकाला बांधलेला टायर. काळा आहे, भेगाळलेला आहे, अंगाला मासळीचा वास येतो. पण माझं ऐकताना नाक मुरडू नका.

माझं तरुणपण एस.टी.खाली गेलं. विरार-आगाशी रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा मला पाठ होता. झिजलो तसा आगाशीच्या पंक्चरवाल्याच्या दारात पडलो. तिथून १९७८ साली ज्युलियसने मला उचललं आणि नायगावला नेलं.

खाडीत त्याची प्रवासी होडी चालायची. ओहोटीची ओढ जोराची, धक्का दगडी आणि इंजिनाला मागे जायचा गिअर नाही. होडी लावताना रोज फळ्या खरवडायच्या, बायका जीव मुठीत धरून उतरायच्या. मला बांधल्यावर ज्युलियस होडीचं टोक माझ्या आधाराने धक्क्याला टेकवायचा, इंजिन हळू चालू ठेवायचा, आणि होडीची मागची बाजू अलगद वळून धक्क्याला लागायची. म्हाताऱ्यासुद्धा निवांत उतरू लागल्या. खरं सांगतो, रस्त्यावर धावताना मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या वर्षी गावच्या सणाला चर्चचे फादर होड्यांना आशीर्वाद देणार होते. ज्युलियसने आठवडाभर खपून होडी निळी-पांढरी रंगवली आणि सकाळीच माझी दोरी सोडली.

"अवो, ऱ्हाऊ द्या ना त्याला," त्याची बायको मटिल्डा म्हणाली.

"आज सन हाय. हा काला टायर नाय शोभत."

मला धक्क्यावर भिंतीला टेकवून ठेवलं. तिथूनच मी सगळं पाहिलं. आशीर्वाद घेऊन होडी परत आली आणि ओढीने तिचं टोक एकदम दगडाकडे वळलं. "रंग जायल ना!" म्हणत होडीच्या टोकाशी बसलेल्या मटिल्डाने मध्ये हात घातला. जिथे मी असायला हवा होतो, तिथे तिचा उजवा हात होता.

तीन बोटं गेली. जाळं विणणारा हात होता तो, आणि तिच्यासारखं जाळं गावात दुसरं कुणी विणत नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर ज्युलियसने मला पुन्हा बांधलं. तो रडत होता. मला मात्र त्याचा रागच आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

त्यानंतर एकाही सणाला त्याने मला सोडलं नाही. उलट मटिल्डाच झेंडूची माळ आणते आणि त्याच हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी माझ्यावर बांधते. ज्युलियस म्हणतो, "आन, मी बांधतो." ती देत नाही. गाठ सैल राहते आणि अर्ध्या खाडीत माळ सुटून जाते.

आता १९८७ साल आहे. माझ्या आतल्या तारा बाहेर आल्यात. पावसाळ्यानंतर नवा टायर येणार म्हणतात. येऊ दे, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढंच करा, होडी कितीही देखणी दिसत असली तरी त्याला सोडू नका. ती जागा रिकामी राहिली की तिथे माणसाचा हात जातो.