समोरच्या पानाची साक्ष

चित्रकलेच्या बाईंना त्या युक्तीतून मिळायचा तो रविवार. आख्खा, लोळत काढायचा, चहा गार होऊ द्यायचा रविवार. एवढ्या वर्गांच्या चित्रवह्या, प्रत्येकीत दर आठवड्याचं एक चित्र. सगळं नीट बघत बसलं तर डोळे आणि सुट्टी दोन्ही जातात, हे त्यांना नोकरी लागल्या लागल्याच कळलं होतं.

युक्ती साधी होती. शिसपेन्सिलीचं चित्र मिटलेल्या वहीत आठवडेच्या आठवडे दाबून राहिलं की समोरच्या पानावर त्याची करडी सावली उमटते. वही द्यायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत सगळं उरकणाऱ्याचं समोरचं पान मात्र धुतल्या तांदळासारखं. तेव्हा बाई चित्राकडे बघतच नसत. सावली दिसली की 'अ', नाही दिसली की 'क'. गणिताचे सर विचारत, बाई वह्या तपासताय की पत्ते पिसताय? त्यावर बाई म्हणत, चोर पकडायला चष्मा लागत नाही.

त्या सत्रात मागच्या बाकावरच्या अबोल मुलीला 'क' मिळाला. चित्रं बरी असावीत असं बाईंना ओझरतं वाटलं होतं, पण समोरची पानं कोरी करकरीत. त्यांनी शेरा ओढला, 'ऐनवेळी उरकले', आणि पुढची वही घेतली.

श्रेण्या लागल्या त्या दुपारी मुलगी शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. वडिलांची अट होती, चित्रकलेत 'अ' आला तर पुढच्या वर्षी तो विषय ठेव, नाहीतर मुकाट्याने हिशेबाचा घे. एवढं तिने फरशीला सांगितलं. बाईंना नवल वाटलं नाही. प्रत्येक 'क'च्या मागे कुणाचे तरी वडील उभे असतातच.

"मग वेळच्या वेळी काढायचं होतंस ना गं," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "समोरची पानं बघ की. कोरी आहेत."

"वेळच्या वेळीच काढलं, बाई. डाग पडू नये म्हणून मध्ये पातळ कागद घालत होते."

"कुठायत ते कागद?"

"तुम्हीच सांगता ना, वही देताना आत सुटा कागद नको. घरी काढून ठेवलेत."

दुसऱ्या दिवशी तिने ते आणले. शिवणयंत्रावर वाकलेली आई, नळाखालची बादली, झोपलेल्या वडिलांचा भेगाळलेला तळपाय. सगळं उलटं आणि पुसट, पण कागदावर होतं. मग बाईंनी वही उघडली आणि पहिल्यांदा चित्रं पाहिली. तळपायाच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फास आपल्याच नियमाचा होता.

श्रेणी बदलायची तर मुख्याध्यापिकांना कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं म्हणजे युक्ती सांगायची. गप्प बसणं सोपं होतं. ठेच लागली की पोरं शहाणी होतात, अशी समजूतही हाताशी तयार होती. पण तो तळपाय डोळ्यांपुढून हलेना. शेवटी बाई उठल्या.

मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, एकीचा 'क' चुकला तर बाकीच्यांचे 'अ' तरी बरोबर कशावरून? सगळ्या वह्या पुन्हा बघा.

मुलीला 'अ' मिळाला. वडिलांनी कुरकुरत का होईना शब्द पाळला.

पुढच्या सत्रात, अशाच एका रविवारी, बाईंनी त्या मुलीची वही उघडली. रेघ तीच, नजर तीच. पण सगळी चित्रं फिसकटलेली आणि समोरचं प्रत्येक पान करडं. सोमवारी त्यांनी तिला गाठून विचारलं, कागद का घातले नाहीस?

"नको, बाई," मुलगी म्हणाली. "सावली असलेली बरी."

तर हिशेब असा. मुख्याध्यापिकांचं काही गेलं नाही, वडिलांचं फारसं नाही. बाईंचे रविवार गेले. उरलेली किंमत चित्रांनी भरली.