चाळीस पायांचा जीव

वहिनींचा जुना घरगुती कॉम्प्युटर भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर उघडला, तेव्हा त्यांच्या ओठांवर भजन होतं आणि अंगात भलतीच बेफिकिरी. तीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. आठ बिटांच्या प्रोसेसरला तो काय भिणार?

"उठेल ना हो?" वहिनींनी विचारलं. स्वेटरची पाठ विणून झाली होती, पुढचा भाग अडला होता. विणीचा नमुना कॅसेटमध्ये, आणि ती वाचणारा प्रोग्राम भाऊजींच्या थोरल्या भावाने लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोसाठी स्वतः लिहिलेला. तो गेल्यापासून मुलं म्हणायची, फेकून द्या ते खोकं. वहिनी म्हणायच्या, आधी मला फेका.

"प्रोसेसरचे पाय काळवंडलेत नुसते. खोडरबराने घासतो, की उठून बसेल."

चाळीसच्या चाळीस पाय घासून भाऊजींनी प्रोसेसर परत बसवला. चिपच्या एका टोकाला खाच असते. बोर्डावरच्या बाकी सगळ्या चिपांच्या खाचा डावीकडे, म्हणून त्यांनी हीही डावीकडे केली. आणि या बोर्डावर नेमका प्रोसेसरच एकटा उजवीकडे तोंड करून बसायचा. काढताना खाच पाहून ठेवावी, हे भाऊजी जगाला शिकवत आले होते.

बटण दाबलं. पडदा काळाच. सवयीने त्यांनी चिपवर बोट ठेवलं आणि झटकन ओढून घेतलं.

"काय झालं?"

"तापलाय."

"माझ्यापेक्षा?"

भाऊजींना हसू आलं नाही. खाच दिसली आणि चूक कळली. फिरवून बसवला, पण प्राण गेला होता. जुना माल, आयुष्य संपलं, असं म्हणून सुटता आलं असतं. वहिनींनी विश्वासही ठेवला असता, हीच तर पंचाईत.

"वहिनी, याला मी मारलं. उलटा बसवला."

वहिनींनी सुया खाली ठेवल्या. "तीस वर्षांचा अनुभव म्हणे," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

भाऊजी घरी आले. कपाटात त्यांचाही तसाच कॉम्प्युटर होता. रविवारचा एक तास त्याच्यापुढे, बायकोलाही हात लावायची बंदी. तो त्यांनी उघडला. एवढासा काळा तुकडा. एका वेळी आठच बिट उचलायचा, पण नाम घेणाऱ्यासारखा, थोडं थोडं आणि न कंटाळता.

"अहो, तुमचा जीव की प्राण ना तो?" बायको म्हणाली.

"वहिनींचा जास्त आहे."

या वेळी वहिनींच्या टेबलावर त्यांनी खाच तीनदा पाहिली, वहिनींनाही दाखवली, मगच बसवला. कॅसेट बारा मिनिटं किरकिरली. मग पडद्यावर चौकटी उमटल्या, पुढच्या भागाची पहिली ओळ. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

"कुठून आणलात?"

"होता एक पडलेला."

"भाऊजी."

"माझ्या कॉम्प्युटरमधला."

"मग आता रविवारी काय करणार?"

"झोपा काढणार."

"काढताय. आपल्या कॅसेटी घेऊन इकडे यायचं. आधी तासभर तुम्ही, मग मी." त्यांनी सुया उचलल्या. "आणि झाकणाला हात लावायचा नाही."