वस्तीतला ऑपरेटर

"दाखल्यावर उत्पन्न तीन लाख आहे," सेतू केंद्रातली मुलगी म्हणाली. "वसतिगृहाला अडीचच्या आतलं लागतं. पुढचे या."

पुढचे येऊ शकले नाहीत, कारण राजेंद्र जागचा हलला नाही. महाडच्या त्या अरुंद गाळ्यात पंखा होता, पण त्याचं तोंड संगणकाकडे होतं. शेजारी लेक प्रियदर्शिनी, छातीशी प्लास्टिकची फाइल धरून. तिचा अलिबागला नर्सिंगला नंबर लागला होता. फी माफ होत होती, पण राहायचं कुठं? सरकारी वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाहीतर दासगावात घरी. अर्जाला बारा दिवस उरले होते.

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तलाठ्यांना पगार पंचवीस हजार तुम्हीच सांगितलात ना?"

"सांगितला."

"मग जातात कुठं पैसे?"

राजेंद्रने ग्लासातल्या बर्फाकडे बघितलं.

"दारू तुम्ही पीत नाही. मम्मी रेशनच्या तांदळावर घर चालवते. तुमचं..." तिने मान फिरवली. "तुमचं दुसरीकडे कुठं काही आहे का?"

त्याला हसू फुटणार होतं, पण लेकीचा चेहरा बघून ते आतच जिरलं.

गोष्ट अकरा वर्षांमागची. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत राजेंद्र ठेकेदाराकडे लागला. काम ड्रम धुण्याचं. पहिल्याच आठवड्यात एक ऑपरेटर आला नाही, तेव्हा सुपरवायझरने त्याला पंपापाशी उभं केलं. दोन तास राजेंद्रने एक हिरवं बटण सांभाळलं. संध्याकाळी हौसेने ते वस्तीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो ऑपरेटर झाला. तो स्वतः कधी तसं म्हणाला नाही, हे खरं. कुणी म्हटलं तर नाही म्हणाला नाही, हेही तितकंच खरं. विहाराच्या बांधकामाला मजुरांची वर्गणी हजार आणि नोकरदारांची पाच हजार ठरली, तेव्हा त्याने पाच दिली. कंपनीत हेल्परचं हेल्मेट पिवळं, ऑपरेटरचं पांढरं. गावाच्या थांब्याआधीच पिवळं हेल्मेट पिशवीत जायचं.

आणि मागच्या आठवड्यात तलाठी उत्पन्नाच्या चौकशीला आले ते विहाराच्या ओट्यावरच बसले. पंच म्हणून निवृत्त शिक्षक रामजी गुरुजी आणि किराणावाला मंगेश. भोवती निम्मी वस्ती. "पगार किती?" म्हटल्यावर राजेंद्रच्या तोंडून ऑपरेटरचा पगार निघून गेला. दाखला मिळण्याशी मतलब, आकड्याचं काय एवढं, असं त्याला वाटलं होतं.

घरी आल्यावर त्याची बायको सारिका भाकरी थापत होती. दोघांची तोंडं बघून तिने ओळखलं.

"आता सांगा लेकीला," ती म्हणाली, "कुठल्या बटनावर हात असतो तुमचा. मी अकरा वर्सं तुमचे कपडे धुतेय. बटनं दाबून असा वास नाय येत."

राजेंद्रने सांगितलं. चारशे चाळीस रुपये रोज. खाडा केला की तोही नाही.

प्रियदर्शिनीने फाइलमधून कोरा कागद काढून हिशेब मांडला. "महिन्याला सव्वीस दिवस धरले तर वर्षाला एक लाख सदतीस हजार दोनशे ऐंशी," ती म्हणाली. "बसतंय पप्पा."

"बसतंय गो," सारिका म्हणाली. "बसवायचं कसं ते तुझ्या बापाला विचार."

दुसऱ्या दिवशी खाडा करून राजेंद्र तलाठ्यांकडे गेला. तलाठी तरुण होते, चिडले नाहीत. "ठेकेदाराचा पगाराचा कागद आणा. जबाब पुन्हा घ्यावा लागेल. तुम्हाला अवघड वाटत असेल तर इथंच ऑफिसात घेऊ. दोन पंच घेऊन या, कुणीही चालतील."

राजेंद्रने दाराच्या कडीशी थोडा चाळा केला.

"नको साहेब. ओट्यावरच घ्या. खोटं तिथं बोललोय."

शनिवारी तो कामावरून आला तेव्हा ओट्यावर तलाठी येऊन बसले होते. थांब्यावर उतरताना सवयीने हात डोक्याकडे गेला होता. तो त्याने खाली घेतला. पिवळं हेल्मेट घालूनच तो वस्तीत शिरला. नळावरच्या चंद्राबाईने कळशी भरून वाहेपर्यंत बघितलं.

जबाब लिहून झाला. लिहिलेला जबाब वाचून दाखवायचा नियम, आणि तलाठ्यांचा घसा बसलेला. त्यांनी कागद गुरुजींकडे दिला. गुरुजींनी आयुष्यभर चौथीला शिकवलेलं. हळू आवाजात वाचणं त्यांना माहीतच नव्हतं.

"मी ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून ड्रम धुण्याचे काम करतो. मला चारशे चाळीस रुपये रोज मिळतो. यापूर्वी सांगितलेली रक्कम खोटी होती. जबाब वाचून दाखवला, तो बरोबर आहे."

"बरोबर हाय," राजेंद्र म्हणाला.

गुरुजींनी सही केली. मंगेशने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

"मग ते पाच हजार रं कसं दिलंस?"

"दोन महिने डबल पाळी केली."

मंगेशने पुढे काही विचारलं नाही. सही केली. पेन तलाठ्यांचं होतं, तरी स्वतःच्या खिशाला लावलं, मग आठवण झाल्यावर परत दिलं.

प्रियदर्शिनी ओट्याच्या खांबाशी उभी होती. वडील खाली उतरल्यावर तिने त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घेतली. दोघं घराकडे गेली. मागून कुणी हाक मारली नाही.

दाखला आठव्या दिवशी मिळाला. अर्ज मुदतीच्या आदल्या दिवशी भरला गेला. यादी लागायला अजून अवकाश होता, तरी सारिकाने एक चादर आणि दोन टॉवेल बाजूला काढून ठेवले.

त्याआधी, जबाबानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी, राजेंद्र थांब्यावर उभा होता. मंगेश दुकानाचं शटर उघडत होता. रोज या वेळी त्याची एक हाक ठरलेली असे, आणि राजेंद्र तिला हात वर करून उत्तर देई. आजही शटर अर्ध्यावर आलं आणि मंगेशचं तोंड उघडलं.

"काय, ऑप..."

तो थांबला. शटर तसंच अर्ध्यावर. अकरा वर्षांत दुसऱ्या नावाची गरजच पडली नव्हती. ते शोधायला त्याला जरा वेळ लागला.

"काय राजू," तो म्हणाला. "चालला कामाला?"

"चाललो," राजेंद्र म्हणाला. हात वर करायचा तो विसरला. ठेकेदाराचा टेम्पो आला तसं त्याने हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली ओढला आणि मागे, ड्रमांच्या शेजारी, जागा धरली.